भिडूने ओपन केलं आणि उजवीकडून ओव्हरकॉल आला: आता काय बोलायचं?

ब्रिजमधला हा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन्ही बाजू व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे. भिडूने १ चौकट ओपन केली, उजवीकडच्या विरोधकाने १ इस्पिक ओव्हरकॉल केला, म्हणजे त्यावर चढती बोली केली. प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या हातात होती इस्पिकची अठ्ठी-चौकी. बदामचा राजा, गुलाम, सत्ती, पंजी, दुर्री. चौकटची राणी, छक्की, तिर्री. आणि किलवरची राणी, अठ्ठी, पंजी. एकूण आठ पॉइंट (एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक). पाच बदाम आहेत म्हणून त्या २ बदाम बोलल्या. भिडू थेट ३ नो ट्रंपवर (हुकमाशिवाय नऊ हात) गेला आणि दोन हात कमी पडले. भिडू म्हणतो, पास करायचा होता. ताई म्हणतात, आठ पॉइंट हातात असताना पास कसा करू?

मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. इथली बोली डबल आहे. ती का, हे नीट कळलं तर ओव्हरकॉलनंतरचं निम्मं शास्त्र हाती येतं, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. टेबलावर आपण ‘वन स्पेड’, ‘टू हार्ट्स’ असंच म्हणतो. इथे वाचायला सोपं जावं म्हणून १ इस्पिक, २ बदाम असं लिहीन. पद्धत आपल्याकडच्या क्लबांत बहुतेक जण खेळतात तीच धरली आहे: मेजर (इस्पिक किंवा बदाम) ओपन करायला पाच पानं, आणि १ नो ट्रंप म्हणजे १५ ते १७ पॉइंट.

आधी भिडूची पानं पाहू. इस्पिकचा एक्का, छक्की, दुर्री. बदामची दश्शी, चौकी. चौकटचा एक्का, राजा, दश्शी, पंजी, दुर्री. किलवरचा राजा, सत्ती, चौकी. चौदा पॉइंट. पलीकडून २ बदाम ऐकल्यावर त्याने काय समजायचं? दुसऱ्या पातळीवर आपणहून नवा रंग सांगायचा तर पाच पानं आणि किमान दहा पॉइंट हवेत, हा बहुतेकांचा करार आहे. चौदा आणि दहा चोवीस, चौकट पाचपानी, इस्पिकचा एक्का हातात. त्याने ३ नो ट्रंप बोलणं चूक नव्हतं. त्याला जे सांगितलं गेलं त्यावर त्याने विश्वास ठेवला.

ओव्हरकॉल करणाऱ्याकडे इस्पिकचे राजा-राणी-गुलाम-दश्शी-नव्वी आणि बदाम व किलवरचे एक्के होते. राजाची उतारी झाली. भिडूने दोन वेळा सोडून तिसऱ्या फेरीला एक्का मारला, चौकट तीन-दोन फुटली म्हणून तिचे पाच हात मिळाले. किलवरचा एक हात काढायला गेल्यावर विरोधकाने एक्का घेऊन उरलेली दोन इस्पिकं आणि बदामचा एक्का वाजवून घेतला. एकूण सात हात झाले, म्हणजे उणे २००.

आता ताईंनी डबल केलं असतं तर? भिडू १ नो ट्रंप बोलतो, ताई पास करतात. पानं तीच, उतारी तीच, हात तेच सात. फक्त आता सातच हवे आहेत, म्हणून अधिक ९०. त्या डावात खेळण्याची चूक कुणाचीच झाली नाही. जे काही गेलं ते एका बोलीत गेलं.

ओव्हरकॉल म्हणजे तुमच्या संवादात मारलेली पाचर. १ चौकटनंतर उजवीकडचा गप्प बसला असता तर ताई १ बदाम बोलल्या असत्या; सहा पॉइंट पुरले असते आणि पातळी पहिलीच राहिली असती. १ इस्पिकने ती जागा खाल्ली. पण नवे खेळाडू एक गोष्ट विसरतात: त्या पाचरीने तुम्हाला दोन नव्या बोली दिल्याही आहेत. एक डबल, दुसरी विरोधकाच्याच रंगाची बोली, म्हणजे क्यू-बिड. शिवाय पासचा अर्थ बदलला आहे. विरोधक गप्प असताना सहा पॉइंटवर पास केला तर डाव तिथेच संपू शकतो. आता भिडूला पुन्हा पाळी मिळणारच आहे, त्यामुळे सहा-सात पॉइंट असून सांगण्यासारखं काही नसेल तर पास बिनधास्त करावा.

पूर्वी अशा ठिकाणचं डबल सरळ दंडाचं असे, म्हणजे ‘तुमचा हुकूम माझ्याकडे आहे, पाडतो तुम्हाला’. पण विचार करा, विरोधकाने पाच चांगली इस्पिकं धरून बोली केल्यावर तुमच्याकडेही पाच चांगली इस्पिकं किती वेळा येणार? क्वचितच. उलट दुसऱ्या मेजरची चार पानं आणि सात-आठ पॉइंट, ही अडचण प्रत्येक बैठकीत दोन-तीनदा तरी येते. अमेरिकेत अल्विन रॉथ आणि टोबायस स्टोन यांनी १९५७ साली डबलचा अर्थच फिरवला. त्याच वर्षी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला होता, म्हणून त्याला बरीच वर्षं स्पुटनिक डबल म्हणत. आज आपण त्याला निगेटिव्ह डबल म्हणतो.

त्याचा अर्थ ‘माझ्याकडे पॉइंट आहेत’ एवढाच नाही. त्याचा रोख न बोललेल्या मेजरवर असतो. १ चौकटवर १ इस्पिक आलं तर डबल म्हणजे बदामची किमान चार पानं. १ चौकटवर १ बदाम आलं तर डबल म्हणजे इस्पिकची नेमकी चार. पाच असतील तर १ इस्पिक बोला, जागा आहे. हा फरक सोन्यासारखा आहे, कारण भिडूकडे तीन इस्पिकं असतील तर आठ पानांची जोडी त्याला ताबडतोब कळते. १ किलवरवर १ चौकट आली तर डबल दोन्ही मेजर दाखवतं, चार-चार. १ बदामवर १ इस्पिक आलं तर मेजर उरलेच नाहीत, मग डबल दोन्ही मायनरचं (चौकट आणि किलवर).

ताकदीचा हिशेब भिडूला कुठल्या पातळीवर ढकलता यावर. पहिल्या पातळीवर सहा पॉइंट पुरतात, दुसरीवर आठ हवेत, तिसरीवर दहा. वर मर्यादा नाही. पंधरा पॉइंट आणि चार बदाम असले तरी आधी डबलच, जोर पुढच्या बोलीत दाखवता येतो. डबल कुठवर निगेटिव्ह धरायचं हे मात्र भिडूशी ठरवून घ्या. मी ३ इस्पिकपर्यंत धरतो.

आता ताईंचा खरा पेच. पाच बदाम आणि आठच पॉइंट. चार पानं दाखवणाऱ्या डबलने पाचवं लपत नाही का? लपतं, पण तात्पुरतं. आधी डबल आणि पुढच्या पाळीला आपणहून बदाम, याचा अर्थच ‘पाच किंवा जास्त बदाम, पण दहाच्या खाली’ असा ठरलेला आहे. म्हणजे दोन बोलींत पूर्ण खरं सांगता येतं. या डावात मी दुसऱ्या पाळीला बदाम बोललो नसतो. पानं पाच-तीन-तीन-दोन अशी सपाट आहेत, दोन राण्या बाहेरच्या रंगांत आहेत आणि भिडूने नो ट्रंपने इस्पिकची अडवणूक दाखवली आहे. बदाम सहा असते तर नक्की बोललो असतो.

काही जोड्या दुसऱ्या पातळीची नवी बोली सक्तीची मानत नाहीत. पाच-सहा पानं आणि कमी पॉइंटवरही ती करतात. चालतं, पण मग दहाच्या वरच्या सगळ्या पानांना डबलमधून वाट काढावी लागते. नव्या जोडीला मी ते सुचवणार नाही.

इथवर भिडूच्या रंगाशी तुमचं जुळत नाही असं धरलं. जुळत असेल तर सगळं बदलतं, आणि ओव्हरकॉलनंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. माझे किती पॉइंट हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, भिडूच्या रंगाची माझ्याकडे किती पानं आहेत? भिडूने मेजर ओपन केला आणि तुमच्याकडे तीन पानं आहेत, तर आठ पानांचा हुकूम आत्ताच कळला आहे. तो आधी सांगा. चार पानं असतील तर आणखी घाईने सांगा.

एक डाव अजून डोळ्यासमोर आहे. कुणीच व्हल्नरेबल नाही, भिडू १ बदाम, उजवीकडून १ इस्पिक. माझ्याकडे इस्पिकची सत्ती-तिर्री, बदामची राणी, दश्शी, अठ्ठी, चौकी, चौकटचा राजा, नव्वी, छक्की, पंजी, दुर्री, आणि किलवरची छक्की-चौकी. पाच पॉइंट. मी २ बदाम बोललो. डावीकडचा २ इस्पिक बोलला. ओव्हरकॉल करणाऱ्याने ३ किलवर सांगून भिडूला विचारलं, त्याची किलवरं जुळत होती, त्याने ४ इस्पिक लावलं आणि दहा हात केले. आमचे उणे ४२०.

दुसऱ्या टेबलावर माझ्या जागी बसलेल्या खेळाडूने त्याच पानांवर ३ बदाम उडी मारली होती. डावीकडचा ३ इस्पिक बोलला, आणि ओव्हरकॉल करणाऱ्याला कळेना की हा जोरावर बोलतोय की नाइलाजाने. विचारायला जागाच उरली नव्हती. त्याने पास केला. तिथेही दहाच हात झाले, पण उणे १७०. बोर्डावरचा आकडा पाहून मला त्या रात्री फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून चार पानांचा आधार आणि फिकी पानं असली की मी उडी चुकवलेली नाही.

यामागचा हिशेब फ्रान्सच्या झाँ-रेने व्हर्न यांनी १९६९ साली मांडला. तुमच्या सर्वांत लांब रंगाची दोघांकडची मिळून पानं आणि विरोधकांच्या तशाच रंगाची पानं यांची बेरीज करा. दोन्ही बाजू आपापल्या हुकमात मिळून साधारण तेवढेच हात करतात. त्या डावात आमची बदामं नऊ, त्यांची इस्पिकं नऊ, बेरीज अठरा. ते दहा करत होते, आम्ही बदाममध्ये आठ केले असते. प्रत्येक डावात हे तंतोतंत जुळत नाही, पण नऊ हुकूम असताना नऊ हातांची बोली घाबरून टाळू नये, एवढा विश्वास त्यावर ठेवता येतो.

मग चार पानं आणि बारा पॉइंट असतील तर? उडी फिक्या पानांसाठी राखून ठेवली, तेव्हा जोरदार आधारासाठी दुसरी बोली हवी. ती क्यू-बिड. भिडू १ इस्पिक, विरोधक २ बदाम, तुम्ही ३ बदाम. अर्थ असा की इस्पिकला आधार आहे आणि किमान दहा-अकरा पॉइंट आहेत, भिडू, आता तू ठरव. माझ्याकडे बदाम आहेत असं ती बोली सांगत नाही, आणि भिडूने ती कधीही पास करायची नाही. तो पास करेल ही भीती नव्या खेळाडूंना फार असते आणि त्यामुळे ते ही बोलीच वापरत नाहीत. खेळायला बसण्याआधी एकदा एकमेकांकडे पाहून कबूल करा की ही सक्तीची आहे. मायनरवरही तीच रीत: १ चौकट, १ इस्पिक, २ इस्पिक म्हणजे चौकटला चांगला आधार आणि जोर.

नो ट्रंप बोलायचं तर विरोधकाच्या रंगात अडवणूक हवी. १ नो ट्रंप आठ ते दहाला, २ नो ट्रंप अकरा-बाराला, त्यावर ३. इथे बसण्याची जागा फार बोलते. ओव्हरकॉल करणारा तुमच्या उजवीकडे आहे, म्हणजे तुम्ही त्याच्या नंतर पत्ता टाकता. त्याच्याकडे एक्का असेल तर तुमचा राजा त्याच्या मागे बसला आहे. तुमच्याकडे एक्का-राणी असेल तर त्याचा राजा बहुधा सापडलाच. तुमचा राजा भिडूकडे असता तर ओव्हरकॉल करणाऱ्याच्या आधी त्याला खेळावं लागलं असतं आणि राजा एक्क्याखाली पडण्याची भीती होती. म्हणून विरोधकाच्या रंगातली तुमची चित्रं थोडी वाढवून मोजा. त्यांच्या रंगात तुमच्याकडे राणी-दुर्री एवढंच असेल तर ते दोन पॉइंट मोजूच नका.

आता पासकडे पुन्हा येतो, कारण निगेटिव्ह डबल स्वीकारल्याची किंमत इथे चुकवावी लागते. समजा १ चौकटवर १ इस्पिक आलं आणि तुमच्याकडे इस्पिकचे राजा, गुलाम, नव्वी, सत्ती, चौकी, बदामचा एक्का-छक्की, दोन बारीक चौकट आणि किलवरची राणी, दश्शी, छक्की, दुर्री आहे. विरोधकाला पाडावंसं वाटतंय, पण डबल केलं तर भिडू बदाम बोलेल. म्हणून पास, दबा धरून केलेला. डावीकडचाही पास. आता सगळं भिडूवर. त्याच्याकडे इस्पिकचं एकच पान असेल तर त्याने चौदा पॉइंटवर नव्हे, बारावरही डबल करून डाव जिवंत ठेवला पाहिजे. ते डबल टेकआउटचं, म्हणजे ‘भिडू, तुझा रंग सांग’ असं विचारणारं. त्यावर तुम्ही पास करता आणि त्याचा दंड होतो. व्हल्नरेबल विरोधकाचे दोन हात कमी पडले तर ५००, तीन पडले तर ८००.

भिडूने हे नुसत्या विश्वासावर करायचं नसतं, मोजून करायचं असतं. माझ्याकडे एक इस्पिक, ओव्हरकॉल करणाऱ्याकडे पाच. उरली सात. डावीकडच्याने त्याला आधार दिला नाही, म्हणजे त्याच्याकडे बहुधा दोन. मग पाच कुठे आहेत? समोर. उलट माझ्याकडेच चार इस्पिकं असतील तर पाच आणि चार नऊ, उरली चार, तीही दोघांत वाटलेली. म्हणजे समोरचा दबा धरून बसलेला नाही, त्याच्याकडे खरंच काही नाही. तेव्हा मी गुपचूप पास करतो. ज्या जोडीत ओपनर ही मोजणी करत नाही, तिने निगेटिव्ह डबल अर्धंच घेतलं आहे. तिथे रिस्पॉन्डर (ओपनरचा भिडू) दबा धरतो आणि विरोधक १ इस्पिक बिनदंड खेळून जातो.

एक सावधगिरी. विरोधक व्हल्नरेबल नसतील, तुम्ही असाल आणि तुमचा गेम (३ नो ट्रंपसारखी मोठ्या बक्षिसाची बोली) पक्का दिसत असेल तर या सापळ्याच्या मोहात पडू नका. ३ नो ट्रंपचे ६०० सोडून ३०० मिळवण्यात अर्थ नाही.

पास करताना वेग नेहमीचाच ठेवा. बिडिंग बॉक्समधल्या लाल कार्डावर बोट नेऊन, थांबून, मग हिरवं पास कार्ड काढलं तर सगळ्या टेबलाला कळतं की काहीतरी आहे. भिडूने त्यानंतर काठावरच्या पानांवर डबल केलं तर विरोधक डायरेक्टरला बोलावतील, आणि ते रास्तच असेल. ब्रिजच्या नियमांतलं १६ वं कलम अशा मिळालेल्या माहितीचा फायदा घेऊ देत नाही. उपाय सोपा आहे: भिडूने ओपन केलं की ओव्हरकॉल यायच्या आधीच ‘इस्पिक आलं तर काय, बदाम आलं तर काय’ हे मनात ठरवून ठेवा.

बाकीचे ओव्हरकॉल भरभर सांगतो. विरोधकाने १ नो ट्रंप ओव्हरकॉल केला तर डबल दंडाचंच आणि नऊ पॉइंट पुरेत. बेरीज करा: भिडूचे किमान बारा, विरोधकाचे किमान पंधरा, तुमचे नऊ, झाले छत्तीस. चाळिसांतले उरले चार, आणि तेही सगळे त्याच्या भिडूकडे असतीलच असं नाही. विरोधकाने रंग न सांगता टेकआउट डबल केलं तर दहाच्या वर रिडबल (त्या डबलला पुन्हा दुप्पट), आणि पहिल्या पातळीवरचा नवा रंग नेहमीप्रमाणेच. भिडूच्या १ नो ट्रंप ओपनिंगवर ओव्हरकॉल आला तर तो स्वतंत्र विषय आहे, इथे मिसळू नका.

सरावासाठी भिडूबरोबर घरीच बसा. ओपनरला बारा-तेरा पॉइंटची पानं द्या, उजवीकडच्याला इस्पिकची पाच चांगली पानं काढून द्या, उरलेली पानं पिसून वाटा आणि फक्त बोली करा, खेळू नका. तासाभरात वीस डाव होतात. प्रत्येकाच्या शेवटी चौघांचीही पानं उघडून पाहा आणि डबल, पास, आधार यांतलं काय झालं ते लिहून ठेवा. मेंढीकोट खेळून आलेल्यांची हात मोजण्याची सवय पक्की असते, पण ‘बोलीने भिडूला काय कळलं’ याची सवय लागायला असे वीस-वीस डाव पाच-सहा वेळा करावे लागतात.

ताई, तुमचीच पानं घेऊन सुरुवात करा. बदामच्या गुलामाच्या जागी एक्का ठेवा, पॉइंट अकरा होतील, आणि मग २ बदाम ही अगदी बरोबर बोली आहे. मूळ पानांतली बदामची दुर्री काढून चौकटची चौकी घाला. आता चार बदाम, चार चौकटं, डबलच. पुन्हा मूळ पानं घेऊन किलवरची राणी आणि अठ्ठी काढून इस्पिकची सत्ती-पंजी घाला. पॉइंट सहा, इस्पिकं चार बारीक आणि बदामं पाच. आठ नसले तरी पानांच्या वाटणीमुळे अजूनही डबल, पण भिडू १ नो ट्रंप बोलला तर २ बदाम, कारण किलवरचं एकच पान आहे. आणि शेवटी मूळ पानांत बदामच्या राजाऐवजी छक्की ठेवा. पाच पॉइंट उरतात, त्यांतला एक गुलामाचा आणि चार दोन राण्यांचे. आता पास करा, आणि भिडूने पुन्हा डबल करून विचारलं तर २ बदाम सांगा.